दारू सुटली, सिगारेट वाढली : फोनची मदत कितपत होते?

व्यसनमुक्तीचे उपचार घेत असलेल्या व्यक्तींच्या धूम्रपानाविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दारूच्या व्यसनावर उपचार घेत आहे आणि गेले तीन महिने त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. मात्र पूर्वी दिवसाला दहा सिगारेट ओढणारा तो आता पंचवीसपर्यंत गेला आहे. विषय काढला की म्हणतो, “ताई, एका वेळी एकच लढाई.” केंद्रातील एका जुन्या कार्यकर्त्यांनीही मला बजावले की आत्ता सिगारेट सोडायला लावलीत तर तो पुन्हा दारूकडे वळेल. धूम्रपान सोडणाऱ्यांना मोबाइलवर रोज संदेश पाठविणाऱ्या योजना असतात असे वाचनात आले. अशा योजनेत मी त्याचे नाव नोंदवावे, की गप्प बसावे?

उत्तर : तुमच्या भावाचे हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि, कबूल करायला हवे, व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतःही रुग्णांना तेच सांगत असे. दगडापेक्षा वीट मऊ, असा तो हिशेब होता. गटचर्चेच्या मधल्या सुटीत सर्वांनी मिळून सिगारेट ओढणे हा जणू उपचाराचाच भाग समजला जाई. हा हिशेब खोटा ठरविला तो मृत्यूंच्या नोंदींनी. दारू व इतर अमली पदार्थांच्या व्यसनासाठी १९७२ ते १९८३ या काळात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये दाखल होऊन उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा तेथील संशोधकांनी पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांच्यातील ५०.९ टक्के मृत्यू तंबाखूशी निगडित होते, तर दारूशी निगडित मृत्यू होते ३४.१ टक्के. ज्या शत्रूशी लढायला ही माणसे दाखल झाली त्याच्यापेक्षा, सोबती म्हणून खिशात ठेवलेल्या पाकिटाने अधिक जणांना नेले. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदतीची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ च्या अखेरीस दारू सोडली ती कायमची. १९७१ साली त्यांचा मृत्यू झाला तो मात्र फुफ्फुसांच्या विकाराने, आणि त्यांची अनेक दशके भरपूर सिगारेट ओढण्यात गेली होती.

आता त्या कार्यकर्त्यांच्या भीतीविषयी. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झाले, त्यात व्यसनमुक्तीच्या उपचारांदरम्यान धूम्रपान सोडण्यासाठीही मदत मिळालेल्या रुग्णांमध्ये दारू व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक आढळली. पण त्याच वर्षी दारूच्या ४९९ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्षही आले. धूम्रपानावरची मदत उपचारांबरोबर लगेच मिळालेल्यांपेक्षा ती सहा महिन्यांनी मिळालेल्यांचे दारूपासून दूर राहणे त्या चाचणीत अधिक टिकले, आणि सिगारेट सुटण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे ५,७९६ जणांचा समावेश असलेल्या २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही एखाद्या उपचारावरील सर्व चाचण्या एकत्र तपासणारी संशोधकांची संस्था), धूम्रपान सोडण्याच्या उपचारांमुळे दारू किंवा अमली पदार्थांपासूनच्या मुक्तीला बाधा येते असा पुरावा मिळाला नाही. माझे मत या तिन्हींवरून बनले आहे. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत ‘आत्ता नको’ हा सल्ला योग्य असू शकतो. परंतु तो देताना ‘मग केव्हा’ हे ठरत नसेल, तर व्यवहारात त्याचा अर्थ ‘कधीच नको’ एवढाच उरतो.

तुमच्या भावाला सिगारेटविषयी विचारण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. दारू सोडताना होणारी विथड्रॉवलची, म्हणजे व्यसनाचा पदार्थ बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणे केव्हाच ओसरली आहेत आणि दहाच्या पंचवीस झालेल्या सिगारेटीच सांगत आहेत की दारूने सोडलेली जागा निकोटिनने भरून काढली आहे. शरीरातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे इतकी ओढणाऱ्या माणसाला दिवसातून पुनःपुन्हा एक अस्वस्थता जाणवत राहते आणि सिगारेटीने ती शमली की ‘सिगारेटमुळे मन शांत राहते’ असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात ती अस्वस्थता आधीच्या सिगारेटीनेच निर्माण केलेली असते. शिवाय चिडचिड, बेचैनी, उडालेली झोप ही लक्षणे दारूच्या तलफेसारखीच भासत असल्याने कोणती तलफ कशाची, हे त्याचे त्यालाही उमगत नाही.

मोबाइलवरील संदेशांच्या योजनेचा पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधील ५,८०० जणांवरील एका चाचणीत सोडण्याचा दिवस ठरवून घेऊन पहिले पाच आठवडे रोज पाच आणि नंतरचे २६ आठवडे दर आठवड्याला तीन संदेश पाठविण्यात आले. तलफ आली किंवा एखादी सिगारेट ओढली गेली तर ठरलेला एक शब्द पाठवून तत्काळ उत्तर मिळविण्याचीही त्यात सोय होती. सहा महिने सलग धूम्रपानापासून दूर राहिल्याचे लाळेच्या तपासणीने सिद्ध झालेल्यांचे प्रमाण त्या गटात १०.७ टक्के, तर तुलनेसाठी वेगळे संदेश मिळालेल्या गटात ४.९ टक्के निघाले. २०११ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहांपैकी एक हे यश तुम्हाला तुटपुंजे वाटेल, आणि एकट्या संदेशांचे यश म्हणून ते तुटपुंजेच आहे. ते दुपटीहून अधिक आहे, ते जवळजवळ फुकट आहे आणि रात्री दोन वाजताही हजर असते, एवढेच त्याचे सामर्थ्य.

मात्र नाव तुम्ही नोंदवू नका. दुसऱ्याने नोंदविलेल्या योजनेचे संदेश म्हणजे खिशात घातलेली बहिणीची बोलणी, असेच त्याला वाटेल. तुम्ही त्याला एवढेच विचारा, “दारू सोडताना तुला सर्वांत जास्त कशाचा आधार झाला?” तो जे उत्तर देईल, मग ती गटचर्चा असो, एखाद्या मित्राचा रोजचा फोन असो वा रोजनिशी असो, तेच सिगारेटसाठी वापरता येईल का, हा पुढचा प्रश्न. सोडण्याची तारीख त्यालाच ठरवू द्या. ती महिनाभर पुढची असली तरी हरकत नाही.

प्रश्न : मी एक वर्ष आणि दोन महिने दारूपासून दूर आहे. सिगारेट सोडण्यासाठी आतापर्यंत तीन ॲप वापरून पाहिली. शेवटच्या ॲपवर ४१ दिवस झाले होते. एका लग्नसमारंभात एक सिगारेट ओढली, प्रामाणिकपणे नोंद केली आणि पडद्यावरचा आकडा शून्य झाला. त्या रात्री दारूचा विचार इतका प्रबळ झाला की मला माझ्या स्पॉन्सरना (गटातील आधार देणाऱ्या जुन्या सदस्यांना) उठवावे लागले. तेव्हापासून ॲप उघडण्याचीच भीती वाटते. दोष माझा, की ॲपचा?

उत्तर : स्पॉन्सरना उठवलेत, हे त्या रात्रीचे सर्वांत शहाणपणाचे काम झाले. उरलेल्या दोषाचा मोठा वाटा त्या शून्याचा आहे.

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनाकडे पुन्हा वळण्याच्या प्रक्रियेचा दीर्घ अभ्यास केला. ठरविलेला संयम एकदा मोडला की माणूस घटनेकडे ‘मी एक सिगारेट ओढली’ अशा नजरेने पाहत नाही, ‘मी असाच आहे’ अशा नजरेने पाहतो, आणि त्या अपराधी भावनेतूनच पुढची घसरण होते, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याला दुसरे कोणतेही व्यसन नाही अशा माणसाच्या बाबतीत ही घसरण फार तर पुन्हा सिगारेटपर्यंत जाऊन थांबते. तुमच्यासारख्याच्या बाबतीत तिच्या पायथ्याशी दारू उभी असते. दिवसांचा आकडा मोजणारी बहुतेक ॲप केवळ धूम्रपान करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनविलेली असतात. एका व्यसनातील शरम दुसऱ्या व्यसनाचे दार उघडते हे त्यांच्या रचनाकारांच्या ध्यानीमनीही नसते. संयमाचे दिवस मोजण्याची पद्धत व्यसनमुक्तीच्या गटांतही आहे हे खरे, पण तेथे शून्यावर आलेल्याच्या खांद्यावर हात ठेवायला माणसे असतात.

म्हणून ॲप निवडताना पहिली गोष्ट ही पाहा, की एक सिगारेट नोंदविल्यावर ते काय करते. ४१ दिवस पुसून टाकणारे ॲप काढून टाका. ‘गेल्या ४२ दिवसांपैकी ४१ दिवस धूम्रपानाविना’ असे दाखविणारे, ती सिगारेट कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या मनःस्थितीत ओढली हे विचारणारे ॲप घ्या. तसे सापडले नाही तर साधी वही चालेल. मी हे विनोदाने म्हणत नाही. ॲपच्या उपयोगाचा पुरावा संदेशांच्या मानाने दुबळाच आहे. २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात संदेशांचा लाभ दिसला, पण ॲपच्या पाच चाचण्या एकत्र करूनही ती साध्या मदतीपेक्षा सरस ठरतात असे दिसून आले नाही. त्यानंतर २०२० साली २,४१५ जणांवरील एका चाचणीत तलफेशी झुंजण्याऐवजी तिला येऊ द्यावे, तिच्याकडे पाहावे आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे वागू नये, असे शिकविणाऱ्या ॲपची तुलना नेहमीच्या पद्धतीच्या ॲपशी केली गेली. वर्षअखेरीस मागचे तीस दिवस सिगारेट न ओढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २८.२ टक्के आणि दुसऱ्यात २१.१ टक्के होते. तलफ ही लाटेसारखी असते, काही मिनिटांत ती आपणहून ओसरते, हे तुम्ही दारूच्या बाबतीत अनुभवलेले आहे. त्यामुळे या पद्धतीचे ॲप तुमच्या अंगवळणी लवकर पडेल असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट. तीन ॲप झाली, पण तुमच्या पत्रात औषधाचा उल्लेख एकदाही नाही. पडदा निकोटिनची भूक भागवू शकत नाही. मघाशी उल्लेखिलेल्या २०१६ सालच्या आढाव्यात, व्यसनातून सावरणाऱ्यांना केवळ समुपदेशनाचा फारसा लाभ दिसला नाही; औषधे, किंवा औषधे आणि समुपदेशन दोन्ही, यांचा दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांतही व्हरेनिक्लिन, निकोटिनचे पर्याय, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस आहे, तर संदेश, ॲप आणि इंटरनेटवरील कार्यक्रम यांना जोडीच्या मदतीचे स्थान दिले आहे. निकोटिनची चोवीस तासांची चिकटपट्टी आणि तलफेच्या वेळी निकोटिनचे च्युइंग गम किंवा लॉझेंज (चघळायची गोळी), ही जोडी एकट्या पट्टीपेक्षा सरस ठरते. औषध कोणते घ्यावे हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या आणि त्यांना दारूचा पूर्वेतिहास अवश्य सांगा. ब्युप्रोपिऑनमुळे फिट येण्याचा धोका वाढतो. दारू किंवा झोपेची औषधे अचानक बंद केलेल्या काळात ते देता येत नाही, आणि कधी फिट आलेली असेल तर ते वर्ज्यच आहे. व्हरेनिक्लिन घेताना दारूचा परिणाम काही जणांवर अधिक तीव्रतेने होतो असा इशारा दिलेला आहे; तुम्ही दारू घेत नाही, तरीही तो ठाऊक असावा.

आणि पुढच्या समारंभाची तयारी आधीच करा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. तलफेच्या क्षणी ॲप शोधणे, परवलीचा शब्द आठवणे, मेनू चाळणे हे कोणाच्याही हातून होत नाही. फोनच्या पहिल्या पडद्यावर दोनच गोष्टी ठेवा, तलफ नोंदविण्याचे बटण आणि स्पॉन्सरांचा क्रमांक, आणि यापुढे सिगारेटसाठीही त्यांना उठवायची परवानगी आजच मागून घ्या.

प्रश्न : मी एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे दाखल होताना रुग्णाचा मोबाइल जमा करून घेतला जातो. अशा ठिकाणी डिजिटल साधनांचा उपयोग करायचा तरी कसा? शिवाय आमचे निम्मे कर्मचारी स्वतः धूम्रपान करतात, हेही लपवत नाही.

उत्तर : मोबाइल जमा करून घेण्यामागचे कारण मला पटते. गर्द किंवा गोळ्यांच्या व्यसनी माणसाच्या फोनमध्ये पुरवठादाराचा क्रमांक असतो, जुने निरोप असतात, छायाचित्रे असतात; फोनचा विशिष्ट आवाजसुद्धा त्याची तलफ जागी करू शकतो. आपण ज्याला साधन म्हणतो तोच त्याच्यासाठी सापळा असतो, आणि या क्षेत्रात डिजिटल मदतीचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

मात्र दाखल असण्याचा काळ साधन वापरण्याचा नसला तरी ते शिकविण्याचा असू शकतो. माणसे, दिनक्रम आणि औषधे केंद्रात हाताशी असतातच. फोनची गरज भासते ती घरी गेल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत. म्हणून रुग्णाला घरी सोडण्याच्या आठवडाभर आधी केंद्राच्या संगणकावर किंवा टॅबलेटवर रुग्णाला तुमच्या शेजारी बसवून नोंदणी करून घ्या, संदेशांच्या वेळा त्याच्या कठीण तासांनुसार लावून घ्या आणि फोन परत करताना जुने क्रमांक त्याच्याच हातून काढून टाकायला लावा. जमल्यास क्रमांकच बदलावा. वाचता न येणाऱ्यांसाठी लेखी संदेश निरुपयोगी ठरतात. त्यांना ठरलेल्या वेळी केलेला तीन मिनिटांचा फोन पुरतो, आणि मी तो कमी दर्जाचा मानत नाही.

केंद्रात करण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे लहान यंत्र. सिगारेट सोडल्यावर हा आकडा एका दिवसात खाली येतो आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी तो पाहता येतो. निकोटिनची पट्टी लावली असली तरी या मापनात अडचण येत नाही, कारण यंत्र धुराचा अंश मोजते. जेसी डॅलरी या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भरपूर सिगारेट ओढणारे २० जण घरून, वेबकॅमेऱ्यासमोर दिवसातून दोनदा अशा यंत्रात फुंकर घालत आणि आकडा कमी असल्यास त्यांना लहानसे बक्षीस मिळे. आज हे काम फोनने सहज होते. बक्षिसावर काही सहकारी नाक मुरडतात. पण कधीकाळी आपल्या केंद्रांतून चांगल्या वर्तनाचे बक्षीस म्हणून चक्क सिगारेट दिली जात असे, हे त्यांनी आठवावे.

एक गोष्ट मात्र फोनवर सोपवू नका. धुरातील काही घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक वेगाने काम करते आणि क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मनोविकारांवरील औषधे लवकर निचरून जातात. सिगारेट बंद होताच तो वेग मंदावतो आणि पूर्वीचीच मात्रा जास्त ठरू लागते. क्लोझापिनच्या बाबतीत हे धोक्याचे होऊ शकते. निकोटिनची पट्टी हा फरक भरून काढत नाही, कारण तो निकोटिनमुळे झालेलाच नसतो. ही औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या सोडण्याच्या तारखेची कल्पना मनोविकारतज्ज्ञांना आधीच द्या. कॉफीचेही असेच आहे: सिगारेट सोडल्यावर तेवढीच कॉफी अधिक चढते, आणि तिने झालेली धडधड व निद्रानाश विथड्रॉवलच्या खात्यावर टाकले जातात.

कर्मचाऱ्यांविषयी तुम्ही लिहिलेत ते धाडसाचे आहे. न्यूयॉर्क राज्याने २००८ साली आपल्या अखत्यारीतील सर्व व्यसनमुक्ती केंद्रे, कर्मचाऱ्यांसह, तंबाखूमुक्त करण्याचा नियम केला. तुमच्याकडे तसा नियम होईल तेव्हा होईल. दरम्यान, संदेशांच्या योजनेत पहिली नोंदणी कर्मचाऱ्यांनीच केली तर रुग्णांना ती समजावून सांगताना त्यांना स्वतःचे काहीतरी सांगता येईल.

प्रश्न : या ॲपमध्ये भरलेली माहिती कोणाकोणाला दिसते? मी अमली पदार्थांसाठी उपचार घेत होतो हे नोकरीच्या ठिकाणी कोणालाही ठाऊक नाही.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नैराश्यासाठीची आणि धूम्रपान सोडण्यासाठीची ३६ लोकप्रिय ॲप तपासली गेली. त्यांपैकी २९ ॲप वापरकर्त्यांची माहिती फेसबुक किंवा गूगलच्या सेवांकडे धाडत होती, आणि त्यांतील अनेकांनी आपल्या धोरणात याचा स्पष्ट उल्लेख केलेला नव्हता. म्हणून धूम्रपानाच्या ॲपला धूम्रपानाखेरीज काही सांगू नका. दारू, गोळ्या, उपचारकेंद्राचे नाव यांपैकी काही भरायला सांगत असेल तर तो रकाना मोकळा सोडा आणि मोकळा सोडता येत नसेल तर ते ॲप नको. नोंदणीसाठी कार्यालयाचा ईमेल किंवा कार्यालयाने दिलेला फोन वापरू नका. समाजमाध्यमाच्या खात्यावरून प्रवेश घेऊ नका. ठिकाण, संपर्कयादी आणि मायक्रोफोन यांची परवानगी नाकारा. कुलूप असलेल्या पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये अशी व्यवस्था फोनच्या सेटिंगमध्ये असते, ती आधी करून घ्या. बैठकीत टेबलावर ठेवलेला फोन शेजारच्याला वाचता येतो, आणि गुपिते बाहेर पडतात ती बहुधा अशीच.